रिकाम्या गोळीचा गुण

आमच्या घरात संधिवात आला तो वारसाहक्कानं. सासूबाईंनी जाताना खाडीकाठची भातशेती माझ्या दोन्ही दिरांच्या नावावर केली, आणि हाडांचं दुखणं मात्र आमचे हे आणि ह्यांची धाकटी बहीण यांच्यात सारखं वाटून दिलं. मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाल्याचं आमच्या कुटुंबातलं ते एकमेव उदाहरण.

धाकटी बहीण म्हणजे आमच्या वन्सं. निर्मळ गावाला दिलेल्या. नवरा गेल्यापासून केळी-फुलांची वाडी मुलगा-सून बघतात आणि वन्सं ओटीवर बसून फुलं बांधतात. मोगरा, कागडा, सोनचाफा, जे उतरेल ते. केळीचं सोपट भिजवून त्याचा दोरा काढायचा आणि त्यात फूल धरून गाठ, फूल धरून गाठ, असं करत जायचं. गप्पा मारताना त्या हाताकडे बघतसुद्धा नाहीत. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी नवऱ्यामुली त्यांच्या हातची वेणी माळून बोहल्यावर चढल्या आहेत. त्यामुळे सुनेच्या राज्यातही वन्संचा शब्द चालतो आणि पहिला चहा त्यांना मिळतो. हे सगळं कशाच्या जोरावर आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोटं पहिल्यांदा धरली तेव्हाच त्या मला म्हणाल्या, "वैनी, हात चालतात तवर मी मानूस. थांबले का सामान. मग ठेवतील खाटेवर नेऊन."

ह्यांच्या बोटांना काम म्हणजे सकाळी उठून दीडशे लोकांना मोबाईलवर सूर्योदयाचं चित्र पाठवणं. दुखत नव्हतं असं मी म्हणणार नाही. उठल्यावर बोटं खरंच आखडलेली असायची आणि शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. पण ह्यांचं दुखणं सगळ्या सोसायटीला माहीत होतं, आणि वन्संचं त्यांच्या सुनेलाही धड माहीत नव्हतं. फरक एवढाच.

आम्ही राहतो चंदनसारला. आमच्या इमारतीपासून चालत जाता येईल एवढ्यावर एक काचेचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि त्याच्या दुसऱ्या मजल्यावर संशोधन विभागाची पाटी लागली. बाजारात यायच्या आधी कंपन्या आपली औषधं माणसांवर करून बघतात, ते काम तिथे चालायचं. लांब बोळ, आणि बोळाला ओळीनं बाकं. एका बाकावर मधुमेह, दुसऱ्यावर दमा, तिसऱ्यावर सोरायसिस, पलीकडे गुडघे. आमच्या सोसायटीतली बहुतेक ज्येष्ठ मंडळी यातल्या कुठल्या ना कुठल्या बाकावर बसून आली. पूर्वी लोक मुलगा परदेशात आहे म्हणून सांगायचे, आता आपण ट्रायलमध्ये आहोत म्हणून सांगू लागले. चेअरमन दम्याच्या ट्रायलमध्ये गेले, तर त्याच आठवड्यात सेक्रेटरींना जिना चढताना धाप लागायला लागली. आमचे हे मागे राहणं शक्यच नव्हतं. संधिवाताची नवी गोळी आल्याचं कळताच ह्यांनी स्वतःचं नाव दिलं, आणि भावाच्या मायेनं म्हणा किंवा ये-जा करायला सोबत म्हणून म्हणा, बहिणीचंही दिलं.

संमतिपत्र मराठीत होतं असं म्हणतात. मी जन्मभर शाळेच्या ऑफिसात सरकारी परिपत्रकं वाचली आहेत, तरी "यादृच्छिक नेमणुकीपश्चात उद्भवणाऱ्या प्रतिकूल घटना" म्हणजे काय ते मला दुसऱ्या वाचनात कळलं. वन्संनी पहिलं पान बघितलं आणि विचारलं, "हे कोनत्या गावचं मराठी?" मग तिथल्या समन्वयक बाईंनी साध्या भाषेत समजावलं. तुमचं रोजचं औषध चालूच ठेवायचं. त्याच्या जोडीला निम्म्या लोकांना नवीन गोळी मिळणार आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवतो. पेशंटला कळत नाही आणि डॉक्टरांनाही कळत नाही. याला म्हणतात दुहेरी अंध पद्धत.

वन्सं म्हणाल्या, "म्हंजे देवाच्या मनात असंल तसं."

"हो, जवळपास तसंच," बाई म्हणाल्या.

ह्यांनी डोळे बारीक केले. सरकारी खात्यात जन्म काढलेला माणूस. म्हणाले, "पण कॉम्प्युटर चालवतं कोण?"

मग प्रश्न विचारले. तुम्हाला मांसाचा तुकडा सुरीनं कापता येतो का? बाथटबमध्ये उतरता येतं का? मोटारीचं दार उघडता येतं का? वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "बांगडा हातानं मोडते. सुरी कशाला? आनि मोटार आमच्याकडं नाय, पोराची स्कूटर हाय." बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. फुलं बांधता येतात का, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. जगभर एकच कागद वापरतात म्हणे. ज्यानं तो तयार केला त्याच्या घरात टब असणार आणि केसात माळणारं कोणी नसणार. डॉक्टर माणूस भला होता. तो एकेक सांधा दाबून दुखतं का विचारायचा. वन्सं ओठ घट्ट मिटून "थोडं थोडं" म्हणायच्या, आणि हे डॉक्टरचा हात पोचायच्या आधीच "आई गं" म्हणायचे. दोन्ही उत्तरं सारख्याच गांभीर्यानं लिहिली जायची.

दोघांना एकेक बाटली मिळाली. वर नावाची आद्याक्षरं आणि आकडे. दर भेटीला जुनी बाटली परत द्यायची, नवी घ्यायची.

गणपती आले तेव्हा वन्संची बोटं उघडली. मी निर्मळला गेले होते, तर ओटीवर बसून त्या गणपतीसाठी मोगऱ्याचा कमरेएवढा हार बांधत होत्या. मला बघून त्यांनी मूठ मिटली आणि उघडली, परत मिटली आणि उघडली, लहान मुलाला चांदोबा दाखवतात तशी. "बग वैनी, माझी गोळी खरी हाय," म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मला भरून आलं. मी उगाचच सुनेला दोन शब्द चांगले बोलले.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, ती चूक झाली. त्यांच्या चेहऱ्यावर बहिणीला बरं वाटल्याचा आनंद जेमतेम चहा संपेपर्यंत टिकला. मग म्हणाले, "म्हणजे मला रिकाम्या लावल्या."

इथून पुढे आमच्या घरात जे चाललं त्याला कंपनीच्या कागदांत शब्द नाही, आपल्याकडे आहे. वशिला. शाळेचा प्रवेश, नळाचं कनेक्शन, बदली, बढती, यातलं काहीही ओळखीशिवाय होत नाही अशी ह्यांची श्रद्धा. आणि ती श्रद्धा खोटी ठरल्याचं मीही फारसं बघितलेलं नाही. मग खरी गोळी तरी फुकट कशी मिळेल? पहिल्यांदा हे वन्संच्याच वाडीतली केळ्यांची फणी आणि सुकेळी घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "अहो, मलाच माहीत नाही तुम्हाला काय दिलंय." घरी येऊन हे मला म्हणाले, "त्यालाही माहीत नाही म्हणतो. म्हणजे सूत्रं वरून हलतात."

मग वरची ओळख शोधणं सुरू झालं. आमच्या वॉर्डाचे एक माजी नगरसेवक ह्यांच्याबरोबर सकाळी फिरायला असतात. त्यांनी आपल्या जुन्या लेटरहेडवर लिहून दिलं की सदर गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचे असून त्यांना खरे औषध देण्यात यावे, ही विनंती. ते पत्र हे हॉस्पिटलात देऊन आले. समन्वयक बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि तोंडाला रुमाल लावून आत गेल्या. डॉक्टरांनी मात्र ह्यांना बसवून शांतपणे सांगितलं की असं पुन्हा केलंत तर ट्रायलमधून नाव काढावं लागेल. ह्यांनी त्याचाही अर्थ लावला. "काढू म्हणाला. काढला नाही. पत्राचा परिणाम झालाय."

झाला असेल. बोटांवर मात्र दिसत नव्हता.

दिवाळी आली. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो, तसे आम्ही निर्मळला गेलो. वन्संनी पाट मांडला, रांगोळी काढली, ओवाळलं. ह्यांनी ताटात मी आणलेली साडी ठेवली. मग वन्संनी आपलं सहज विचारलं, "दादा, बोटं कशी हायत?"

आमचे हे एरवी शुद्ध बोलतात. खात्यात लागल्यापासून गावचा 'न' त्यांनी जिभेवरून असा पुसून टाकला की आपल्या गावच्या माणसाला ते 'पाणी' म्हणायला शिकवतात. पण त्या दिवशी पाटावर बसून, कपाळाला कुंकू लावलेलं, हात मांडीवर उताणे टाकून म्हणाले, "काय सांगू बाय, पान्याचा पेला उचलवत नाय."

पाच मिनिटांपूर्वी याच हातांनी चकल्यांचा डबा उघडला होता. मी समोर उभी होते.

वन्सं उठल्या. देवघरातून बाटली घेऊन आल्या आणि ह्यांच्या हातात ठेवली. "तू घे. मला दोन-तीन मयने बरं वाटलं, पुष्कळ झालं. तुझ्या मला दे." हे नको नको म्हणाले. नको नको म्हणणं शोभेल तेवढंच म्हणाले, आणि बाटली झब्ब्याच्या खिशात गेली. भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. उचलून नेणारा भाऊ मी पहिल्यांदा बघितला.

परतताना रिक्षात माझा तोल सुटला. "लाज नाही वाटली? तिची पोटापाण्याची बोटं आहेत ती."

"मी मागितल्या का? तिनं प्रेमानं दिल्या."

हे अगदी खरं होतं. न मागता मिळवायचं कसं, हे शिकायलाच माणूस खात्यात आयुष्य घालवतो. म्हणाले, "आणि तिला रिकाम्यांनीही बरंच वाटेल. तिचा देवावर विश्वास आहे."

आता अडचण होती बाटल्यांची. वरची अक्षरं आणि आकडे ज्याचे त्याचे, म्हणून बाटली बदलून चालणार नव्हतं. आतल्या गोळ्या बदलायला हव्यात. म्हणजे वन्संच्या गोळ्या ह्यांच्या बाटलीत ओतायच्या आणि ह्यांच्या त्यांच्या बाटलीत. योजना ह्यांची. काम अर्थातच माझं. "ओता-ओती किचनमधली गोष्ट आहे, तुला सवय आहे," असं मला सांगण्यात आलं. पुढे दर भेटीनंतर दोघं भाऊबहीण आमच्याकडे चहाला यायची आणि मी आत जाऊन ही अदलाबदल करायची, असं ठरलं. त्या पहिल्या खेपेला मी केली. वन्सं त्यासाठी मुद्दाम आमच्याकडे येऊन समोर उभ्या होत्या, आणि माझ्या हातून एक गोळी खाली पडली ती त्यांनी वाकून उचलून भावाच्या बाटलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. "बघ," म्हणाले, "खरं औषध ते खरं औषध." या गोळीचा गुण यायला आठवडे लागतात असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं होतं. पण कॉम्प्युटरवर मात केलेल्या माणसाला आठवडे कोण सांगणार?

मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला फुलं आणायला मी निर्मळला गेले. ओटीवर फुलांचा ढीग होता आणि फुलं सून बांधत होती. वेडीवाकडी, देठं बाहेर आलेली. वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "थंडी हाय गो." निर्मळची थंडी ती काय, आणि तीही दुपारची! मी पदर बाजूला केला. बोटं सांध्यांवर सुजून लाल झाली होती. पाणी प्यायला पेला त्यांनी दोन तळव्यांमध्ये धरून उचलला. मी बघतेय हे कळल्यावर त्यांनी पेला खाली ठेवला. तेवढ्यात सून म्हणाली, "आई, तुम्ही आत जाऊन पडा ना, इथे अडचण होतेय." ती वाईट मुलगी नाही. तिच्यापुढे फुलांचा ढीग होता, एवढंच. पण वन्सं निमूट उठल्या आणि आत जाऊन खाटेवर पडल्या.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी बहिणीला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. "काय गं, कशी आहेस?" "बरी हाय दादा. तू कसा हायस?" "मी एकदम फस्क्लास." "मग झालं तर." ह्यांनी फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. कोर्टात साक्ष झाली होती.

डॉक्टरांना सांगावं म्हटलं, तर दोघांचीही नावं निघाली असती आणि वन्संच्या गोळ्या कायमच्या गेल्या असत्या. वन्संना सांगावं, तर त्या काही परत घ्यायच्या नाहीत. नवऱ्याला काय सांगायचं ते सांगून झालं होतं. मग मला एकच वाट दिसली, आणि ती इतकी सोपी होती की माझं मलाच हसू आलं.

पुढची भेट झाली, दोघं चहाला आली. ह्यांनी दोन्ही नव्या बाटल्या माझ्याकडे सरकवल्या. मी त्या घेऊन आत गेले, चहा उकळत ठेवला, दोन स्टीलच्या वाट्या काढून ओट्यावर खणखण वाजवल्या, बाटल्यांची झाकणं उघडून परत लावली आणि जशा होत्या तशा बाहेर आणून दिल्या. ज्याची त्याला. "झालं?" ह्यांनी विचारलं. "झालं," मी म्हटलं. जन्मभर या घरात मी जे जे काम केलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक केलं नाही, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

दर भेटीला मी वाट्या वाजवत राहिले. दुहेरी अंध म्हणतात ते याला. भाऊ आंधळा, बहीण आंधळी, आणि डॉक्टर तर अधिकृतच आंधळे. डोळस तेवढी मी, आणि माझी नोंद कंपनीच्या कुठल्याच कागदावर नव्हती. कॉम्प्युटरनं लावलेला क्रम मी पुन्हा जागच्या जागी बसवला होता. खरं तर त्यांनी माझा सत्कार करायला हवा होता.

संक्रांत झाली आणि वन्संची बोटं हळूहळू सुटायला लागली. शिमग्याच्या सुमारास त्या परत ओटीवर फुलांपुढे बसल्या. आणि हे? मला वाटलं होतं आता ह्यांचं पितळ उघडं पडणार. मी रोज सकाळी बटणांकडे बघायचे. बिघडायचं नावच नाही! उलट तब्येत फुलत चालली. क्लब हाउसमध्ये कॅरम सुरू झाला. गॅलरीत कुंड्या लावल्या. चेअरमनला सांगितलं, "शेवटी ओळख लागतेच. आमची घरातच निघाली." मी मान खाली घालून भाजी निवडत होते. हसू दाबून दाबून पोटात कळ आली. रागही आला. वन्संच्या ज्या गोळ्यांनी त्यांची बोटं वाचत होती, त्यांचं श्रेय हा माणूस नुसत्या खडूच्या गोळ्या गिळून घेत होता.

ट्रायल संपली. कुणाला कुठली गोळी होती तो कोड उघडला गेला आणि डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. वन्संना खऱ्या होत्या, ह्यांना रिकाम्या. डॉक्टर ह्यांच्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "औषध नसताना इतका फरक क्वचित दिसतो." ह्यांनी मला डोळा मारला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी डोळा मारल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या दृष्टीनं सगळं तंतोतंत जुळत होतं. कागदावर रिकाम्या, पोटात खऱ्या. आता प्रत्यक्ष देवानं येऊन सांगितलं असतं तरी ह्यांचा हिशोब चुकला नसता.

मग डॉक्टर वन्संना म्हणाले, "ज्यांना खऱ्या औषधानं गुण आला त्यांना ते बाजारात येईपर्यंत कंपनी देत राहील. आता त्यात रिकामी गोळी नाही. तुमचं नाव आहे. विचार करा आणि सही करा."

बाहेर येऊन हे चेअरमनला फोन करायला खाली उतरले. वन्सं माझ्याजवळ बाकावर बसल्या. खूश होत्या. म्हणाल्या, "देव पावला, वैनी. माझ्या खऱ्या होत्या आनि त्या दादाला लागू पडल्या. मी तर रिकाम्यांवरच बरी झाले. आता सही करते आनि बाटली दादाला देऊन टाकते. मला कशाला?"

मला घाम फुटला. आतापर्यंत बदलायला दोन बाटल्या होत्या. आता एकच राहणार होती, आणि ती सरळ ह्यांच्या कपाटात जाणार होती. वाट्या वाजवून भागणारं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि सांगून टाकलं. "वन्सं, भाऊबीजेच्या त्या एका खेपेनंतर मी कधीच काही बदललं नाही. तुमच्या गोळ्या तुम्हीच खाल्ल्यात."

त्यांना कळायला वेळ लागला. "आनि दादा?"

"ते त्यांच्याच."

"रिकाम्या?"

"रिकाम्या."

मला वाटलं होतं त्या हसतील. निदान सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला. "मी माझ्या भावाला दिलेलं तू मधल्यामधे अडवलंस? माझ्या हातचं त्याच्या तोंडी पडू दिलं नायस? आनि त्याला काय झालं असतं तर?" डोळ्यांत पाणी आलं होतं. आजूबाजूच्या बाकांवरचे मधुमेह आणि गुडघे आमच्याकडे वळून बघायला लागले. मी म्हटलं, "तुमची बोटं बघवत नव्हती मला." त्या मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि सही करून बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी चहा झाला. हे खुशीत होते. वन्संच्या पुढ्यातली नवी बाटली उचलून त्यांनी माझ्याकडे सरकवली. "चला, आता ओता-ओतीची कटकट गेली. ही सरळ माझ्या डबीत रिकामी कर." मी जागची हलले नाही. वन्सं काय करतील याची मला खरंच कल्पना नव्हती. भाऊबीजेच्या दिवशी त्या कशा उठल्या होत्या ते मी बघितलं होतं.

वन्संनी हात पुढे केला आणि बाटली उचलली. म्हणाल्या, "दादा, तू आता बरा हायस."

"अगं, बरा आहे तो याच गोळ्यांमुळे ना!"

"नाय. तू बरा हायस."

हे हसले, मग हसायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी कप गोळा केले. वन्संनी बाटली पिशवीत टाकली, पिशवी छातीशी धरली आणि मुलाच्या स्कूटरचा हॉर्न वाजायची वाट न बघता जिना उतरल्या. भावाला न देता आपल्याकडे काहीतरी ठेवून घेण्याची ती त्यांची पहिलीच वेळ असावी. त्यांना ते जड जात होतं हे त्यांच्या पाठीकडे बघूनही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांची बोटं आखडली. खऱ्या गोळ्या बंद झाल्यावर दुसरं काय होणार, म्हणाले. दिवसभर कोचावर हात पसरून पडून होते, आणि माझ्या लक्षात आलं की या वेळी ते नाटक नव्हतं. बोटं खरंच वळत नव्हती. मी तेल गरम करून लावलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. हॉस्पिटलातल्या बाकानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नव्हत्या. वैनी म्हणाल्या नाहीत, कशी आहेस विचारलं नाही.

"दादाचे हात कसे हायत?"

कोचावरून ह्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. मी फोन घेऊन गॅलरीत गेले आणि मागे दार ओढून घेतलं.

"चांगले आहेत," मी म्हटलं. "तुम्ही आजची गोळी घेतलीत का?"

त्या म्हणाल्या, "घेतली," आणि फोन ठेवून दिला.